उजवीकडची खिडकी

कोमो तळ्याकाठच्या त्या वळणावर एर्मान्नो रोज टूरची बस थांबवतो. "मंडळी, डावीकडे बघा! असं पाणी पुन्हा दिसायचं नाही." सगळे फोटो काढू लागले, की तो हळूच उजवीकडे बघतो. एकट्या राहणाऱ्या आईची खिडकी उघडी दिसली, की बस पुढे निघते.

आज नऊ वाजून गेले तरी खिडकी बंदच. त्याने हॉर्न वाजवला. पुन्हा वाजवला. मागच्या गाड्याही कोकलू लागल्या. "मारियामाते, सांभाळ गं," म्हणत तो खाली उतरणार, तोच खिडकी धाडकन उघडली.

"अगं आई, जीव घेशील माझा! कुठे होतीस?"

"इथेच, फटीतून बघत होते. शेजारीण म्हणते, तुझा लेक पाहुण्यांना तळं दाखवायला थांबतो. म्हटलं, आज खरंखोटं करूच!"