अंगणातली रसायनशाळा

पांडूला मुंबईला नेण्यात रावजीचा फायदा किती, याचा हिशेब सगळ्या कुडपण गावाने शिमग्याआधीच मांडून ठेवला होता. खोलीवर भाकरी थापायला मदतीचा हात मिळणार. पाय चेपायला हक्काचा पुतण्या मिळणार. शिवाय आपला माणूस कॉलेजात चिकटवल्याचा मोठेपणा. पांडूच्या आईने, साळूबाईने, या बेरजेत आपली एक रक्कम मिळवली होती: पोरगा एकदा गेला की तो रावजीचा गडी झाला.

सन तीसच्या आसपासची गोष्ट. त्या काळी गावचा माणूस मुंबईत ज्या जागेवर असेल ती जागा गावाचीच, असं सगळे धरून चालत. रावजी एका सायन्स कॉलेजात रसायनशाळेचा हमाल होता. विद्यापीठाच्या परीक्षेची मुलं तिथं काचेच्या नळ्यांत रंग उकळत आणि रावजी त्या नळ्या धुई. साहेबाने त्याला सांगितलं होतं, घरचा माणूस आण, पण शिकवून आण.

म्हणून यंदा तो बऱ्याच वर्षांनी गावी आला. तोही कसा, तर पोलादपुरापासून डोलीत बसून! कुडपणाची म्हातारी माणसंसुद्धा ती चढण पायांनी चढत. वर आणि डोळ्यांना काळा चष्मा.

"काय रं रावजी, लाटसाहेब झालास का?" मोरू म्हणाला. मोरूचं घर शेजारीच होतं आणि तोंड त्याहून जवळ.

"आमच्या तिथं चष्म्याबिगर बाटलीला हात नाय लावीत," रावजी म्हणाला.

"हितं कुठली बाटली? एक हाय, ती शिमग्याची. तिला चष्मा नाय लागत!"

दुसऱ्या दिवसापासून अंगणात शाळा भरली. रावजी ओटीवर बसे, पांडू खाली. धुळवडीची सोंगं सोडून माणसं ही गंमत बघायला येत.

"पयला नियम. हातात काय हाय ते मोठ्यानं बोलल्याबिगर कुणाला द्यायचं नाय. ठेवलंस तर कुठं ठेवलंस तेबी बोलायचं. दुसरा. बाटलीत नाक खुपसायचं नाय. वास हातानं ओढून घ्यायचा. तिसरा. पेटलं तर वाळू. पाणी नाय."

घरातही हाच कायदा. रावजीची बायको आवडी ताट ठेवताना म्हणे, "भात पुढ्यात, माशाचं कालवण उजव्या हाताला." तांब्या देताना म्हणे, "पाणी, घ्या." रावजी स्वतः कशाला म्हणून हात घालीत नसे.

"बघून घ्या," साळूबाई बायकांत म्हणाली. "आवडी दमली, आता माझा पांडू."

मग पाण्याचा धडा आला. एका तांब्यात पाणी, दुसऱ्यात कोकमाचं आगळ. आगळाला ॲसिड समजायचं. पाण्यात ॲसिड, थेंब थेंब. ॲसिडात पाणी कधीच नाय.

"सांग आणि ओत," रावजी म्हणाला.

पांडू मोरूकडे बघून हसत होता. "ओततो हां काका. पाणी, आगळात..."

रावजी ओरडला. दोन्ही हात तोंडावर धरून तो भिंतीला जाऊन आदळला.

अंगणभर हशा पिकला. "आरं, कोकमाला भ्याला!" मोरू मांडीवर थाप मारून म्हणाला. "पांडू, सोलकढी दाखवलीस तर मरंल रं तुझा काका!"

रावजी हसला नाही. आवडीने त्याला हाताला धरून पुन्हा जागेवर बसवलं. त्याने पांडूकडून तो धडा दिवस मावळेपर्यंत घोटून घेतला.

शेवटचा धडा सगळ्यांना फुकटचा वाटला. "समोर दिसतंय ते सांग. गाळायचं नाय, पदरचं घालायचं नाय."

"काय, डोंगर हाय."

"कसा?"

पांडू सांगू लागला. आंबेनळीच्या अंगाला धूर हाय. कुणी तरी शेतात तोडल्या डहाळ्यांचं कवळ जाळतंय. सावरीला पान नाय, नुसती लाल फुलं. पल्याड प्रतापगड. त्याच्या माथ्यावर ऊन हाय आणि खाली सावली चढतेय.

"आणि टेकाडावरलं आंब्याचं झाड?"

"त्याला मोहर हाय. लई."

"तिथं आम्ही गुरं बसवायचो," रावजी म्हणाला. मग मान खाली घालून बसला. पांडूला वाटलं, काका पेंगला.

निघण्याच्या दिवशी जेवणं झाल्यावर साळूबाई रावजीच्या अंगणात आली. पोरगा देत नाही, हे तोंडावर सांगायचं ठरवून आली होती. पण एक अडचण होती. कुडपणात दारी आलेल्या वडील भावजयीला घरच्याने आधी 'या वैनी, बसा' म्हणायचं. रावजी आल्यापासून ती दोनदा अंगणातून गेली होती आणि दोन्ही वेळा त्याने तोंड उघडलं नव्हतं. आज तो बोलेपर्यंत आपण बोलायचं नाही, असा हट्ट धरून ती ओटीपाशी उभी राहिली. विधवा बाई, हातात वाजायला बांगडी नव्हती.

रावजीने मान वर केली. हसला.

"पांडू? आलास? काकी आत निजलीय, तवर एक सांगतो. आईला बोलू नको. घाबरंल. मला कुणी मास्तर नव्हता रं. तुला शिकवलं ते समदं मी एका दमात शिकलो, ॲसिडात पाणी ओतलं तवा. वैनीला वाटतंय, शिकवणीचं मोल मी तुझ्याकडनं काढून घेणार. तुझ्याकडं काय नाय निघत पोरा. तुझ्या वाटचंबी मी भरून बसलोय."

भर दुपार होती. अंगणात लख्ख ऊन होतं. पांडू खाली वहाळावर धोतर धूत होता, आणि रावजीसमोर, हातभर अंतरावर, साळूबाई उभी होती.