तुटक रेघ

रौशनला आपल्या घराण्यात एक तुटक रेघ हवी होती आणि ती काही केल्या सापडत नव्हती.

एकसष्ट सालची दिवाळीची सुट्टी. यवतमाळच्या कॉलेजात समाजशास्त्राच्या सरांनी बी.ए.च्या वर्गाला आपापल्या घराण्याचा नकाशा काढून आणायला सांगितलं होतं. पुरुषाला त्रिकोण, बाईला गोल, रक्ताच्या नात्याला सरळ रेघ. काही लोकांत दुधाचंही नातं मानतात, ते तुटक रेघेनं दाखवायचं, असं सर म्हणाले आणि वर्गातल्या या एकुलत्या एका मुसलमान मुलीनं झटकन हात वर केला. "आमच्यात मानतात, सर! एका बाईचं दूध प्यायलेली मुलं भाऊबहीण होतात. त्यांचं लग्न लागत नाही." सगळा वर्ग वळून बघायला लागला. रौशन बाईसाहेब पुढचे दोन दिवस हवेतच होत्या.

आता दिग्रसच्या घरी, अंगणात चटई टाकून ती बसली होती. सरकी काढणाऱ्या जिनांमधून उडालेला कापूस गल्लीभर तरंगत होता, कागदावर अलगद येऊन बसत होता. ती फुंकर मारायची आणि फुंकरीबरोबर स्वतःही कुठेतरी निघून जायची. तिच्या गोलाशेजारचा त्रिकोण वाहिदचा होता. तिच्या जैबुनबी खालाचा, म्हणजे मावशीचा, हा मुलगा, जिनात फिटर. खाला तो लहान असतानाच वारली. मंगणी झाली होती, परीक्षा आटोपली की निकाह. "शिकणं सोडू नको. यवतमाळच्या बसमध्ये मी बसवून देत जाईन," असं त्यानं सांगितल्यापासून रौशन त्या बसमध्ये मनातल्या मनात रोजच बसत होती. दोघांमधली लग्नाची रेघ तिनं आधीच ओढून टाकली होती. खाली लहान लहान गोल आणि त्रिकोण काढायचाही मोह होत होता, पण एवढं पुढचं सरांनी विचारलं नव्हतं.

शेजारच्या ओट्यावर सुग्रा नानी ऊन खात बसली होती. पुसदला लेकाकडे वीस-बावीस वर्षं काढून ती गेल्या वर्षीच गावी परतली होती.

"नानी, आमच्या घरात कोणी कोणाच्या लेकराले दूध पाजलं का?"

"पाजलं ना! तुलेच पाजलं!" नानीला फार आनंद झाला. "तू झाली अन् तुही माय तापानं फणफणली. तिले शुदच नव्हती. मंग जैबुननं घेतलं तुले पदराखाली. एका बाजूले वाहिद, एका बाजूले रौशन. म्या माह्या डोयानं पाह्यलं. त्याच महिन्यात मी पुसदले गेली."

रौशन तशीच उठून घरात आली. अम्मीला तेव्हा शुद्ध नव्हती. खाला कबरीत होती. नानी संध्याकाळपर्यंत हे विसरूनही गेली असती. म्हणजे ही गोष्ट आता एकट्या रौशनकडे होती आणि एक रेघ ओढली नाही म्हणून जगात कुणाचं काही अडणार नव्हतं. फार तर दोन मार्क जातील. तिनं डोळे मिटले आणि नेहमीच्या बसमध्ये जाऊन बसली. खिडकीखाली वाहिद उभा होता, हातानं काच पुसत होता. त्याला हाक मारायला तिनं तोंड उघडलं आणि तोंडातून शब्द आला, "भाईजान."

तिला भडभडून रडू आलं. असं लग्न तिला नको होतं आणि वाहिदशिवाय दुसरं कोणतंही नको होतं.

अम्मी चुलीपाशी तुरीची डाळ पाखडत होती. रौशन समोर जाऊन उभी राहिली.

"अम्मी, हा निकाह होऊ शकत नाही. म्या जैबुन खालाचं दूध पेलं हाय."

सूप थांबलं. "कोनं सांगतलं तुले?"

"सुग्रा नानीनं. तिनं डोयानं पाह्यलं."

अम्मीनं सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाली, "कालेजात शिकून बी येडीची येडीच राह्यली. तू झाली तवा वाहिद त्या दारात उभा राहून भाकर खात व्हता. जैबुनले तवा दूध कुठचं?"

वाहिद आपल्याहून तीन वर्षांनी मोठा आहे, हा साधा हिशेब या विदुषीला सुचलाच नव्हता. "मंग नानी खोटं बोलली?"

"नाही. तिनं पाह्यलं ते रौशनच व्हती." अम्मीनं सूप खाली ठेवलं. "तुह्या आधीची. छटीले नाव ठेवलं, अन् चिल्याचे चाळीस दिवस निघाच्या आत गेली. मंग तू झाली. तुह्या अब्बानं म्हटलं, नाव जाऊ द्याचं नाही."

रौशनला एकदम हसू फुटलं. सुटले, असं तिला अंगभर वाटलं आणि लगेच त्या हसण्याची लाज वाटली. अम्मीकडे बघवेना. इतक्या वर्षांत या घरात त्या पोरीचं कुणी नावही काढलं नव्हतं, आणि तिचंच नाव दिवसातून किती वेळा तरी घेतलं जात होतं.

अम्मीला अक्षरओळख नव्हती. तरी तिनं हात पुसले आणि रौशनच्या हातातला कागद मागून घेतला.

"याच्यात मी कोनती?"

रौशननं वरचा एक गोल दाखवला. अम्मीनं त्याच्यावर बोट ठेवलं, रेघेवरून हळूहळू खाली आणलं. लेकीचा गोल आला. बोट तिथं थांबलं नाही. शेजारच्या कोऱ्या कागदावर जाऊन टेकलं.

"इथं जागा हाय," अम्मी म्हणाली. "तिचा बी एक गोल काढ."