एकोणनव्वद

मशीनच्या पडद्यावर एकोणनव्वद उमटलं तशा शेवंताबाई खूश झाल्या. "गेल्या खेपेला अठ्ठ्याऐंशी होते. आमच्या घराण्यात एवढे मार्क कुणाला पडले नाहीत, सिस्टर."

रेहाना सिस्टरने डायलिसिसच्या नळ्या जोडायला घेतल्या. आकडा जंतुसंसर्गाच्या धोक्याचा होता. मधुमेहाने तो आधीच चढला होता. मानेतली नळी वापरली की दर वेळी तो एकाने वाढे, आणि नव्वदला कुठलंच मशीन डायलिसिस सुरू करत नसे. नवी नळी घालायला बाईंच्या अंगात चांगली शीर उरली नव्हती.

चार तासांनी सिस्टरने नळीवर स्वच्छ पट्टी लावली आणि तिच्यावर आजची तारीख लिहिली. खाली पुढच्या खेपेची तारीख लिहायची असते.

"परवा मला खिडकीजवळची खुर्ची ठेव गं," बाई म्हणाल्या.

"ठेवते, मावशी." सिस्टरने पेनाला टोपण लावलं.