दोन सकाळी, दोन संध्याकाळी

"रक्त पुन्हा काढा. यंत्रच बिघडलं असेल तुमचं," ती म्हणाली.

"दोनदा काढलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमच्या यकृताला सूज आहे. त्याचा तुकडा काढून वडिलांना देता येणार नाही."

ऑपरेशन सोमवारी होतं. वडिलांच्या हातात फार तर तीन आठवडे, आणि घरात रक्तगट जुळणारी ती एकटीच.

"दारू?"

"थेंबही नाही."

"दुसरं काही घेता? फॉर्मवर 'नाही' लिहिलंय तुम्ही."

"औषध नाहीच घेत. यकृताच्या ताकदीच्या गोळ्या, तेवढ्याच. वनस्पतींच्या आहेत हो!" तिनं पर्समधून हिरवा डबा काढला. "दुष्परिणाम नाहीत, असं लिहिलंय वर."

डॉक्टरीणबाईंनी डबा हातात घेतला, पण वाचला नाही.

"किती दिवस?"

"पाच आठवडे. दोन सकाळी, दोन संध्याकाळी."

गोळ्या बाबांनीच दिल्या होत्या. आधी ते मुलीचं यकृत घ्यायला तयारच नव्हते. अशा ऑपरेशनात देणारा क्वचित दगावूही शकतो, हे ऐकल्यावर तर त्यांनी तिच्याशी अबोलाच धरला. मग एके दिवशी आपणहून विरघळले. "बरं, दे बाई. पण आधी तब्येत कमव," म्हणाले. जन्मभर लोकांची घड्याळं दुरुस्त केली आणि स्वतः कधी वेळेवर जेवले नाहीत, पण तिच्या गोळ्यांची वेळ एकदाही चुकवली नाही. ती गिळेपर्यंत पाण्याचा पेला घेऊन समोर उभे राहायचे. तिला हसू यायचं. मरण दारात आलेलं आणि यांना चिंता लेकीच्या ताकदीची!

"आजपासून बंद करते," ती घाईघाईनं म्हणाली. "मग सोमवारी जमेल ना?"

"बंद कराच. पण सूज उतरायला दोन-तीन महिने लागतील."

"तेवढे बाबांकडे नाहीत हो!" तिला रडू आवरेना. "त्यांना गोळ्यांचं सांगू नका. पाया पडते तुमच्या. आपल्याच हातानं हे झालं असं कळलं तर हाय खातील ते."

डॉक्टरीणबाईंनी डबा टेबलावर ठेवला.

"हा डबा त्यांनी मला दीड महिन्यापूर्वी दाखवला होता," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, फेकून द्या, यानं धडधाकट माणसाचंही यकृत सुजतं. त्यांनी एवढंच विचारलं, 'पण थांबवल्यावर तो माणूस अगदी पहिल्यासारखा होतो ना?'"