वरची खूण

"प्रोग्रॅम पुन्हा अडकला," दिट्टे म्हणाली. "बाबा, तुझाच क्लास बिघडलाय."

"माझा क्लास कित्येक वर्षं चालतोय. तुझा काल जन्मलाय," प्रेबेन म्हणाला.

डेन्मार्कमधल्या ओर्‌हूसच्या त्या छोट्या कचेरीत बाप-लेक शेजारी बसून प्रोग्रॅम लिहीत. दुपारी बोटवाले तिकिटांचा प्रोग्रॅम बघायला येणार होते आणि तिकीट काही छापलं जात नव्हतं. ज्याची चूक निघेल त्याने केक आणायचा, असा तिथला रिवाज. म्हणून चूक कुणालाच नको होती.

प्रेबेनने आपल्या क्लासमधल्या, म्हणजे प्रोग्रॅमच्या त्याने लिहिलेल्या भागातल्या, एका मेथडवर, एका कामाच्या सूचनांवर, 'इंजेक्ट' अशी खूण केली होती. ती दिसली की यंत्रणा त्या मेथडला बोलावून प्रिंटर तिच्या हाती द्यायची. दिट्टेचा क्लास त्या क्लासमधूनच निघालेला, त्याचा वारस. ती मेथड तिने स्वतःच्या पद्धतीने पुन्हा लिहिली होती. खूण मात्र केली नव्हती.

"वर तू लिहिलंयस ना? मग वारशाने मला मिळणारच की!"

"मेथड होती तशी ठेवली असतीस तर मिळालं असतं. नवी लिहिलीस, मग नव्याने सांगायला नको? वरची खूण खाली चालत नाही, बाई. यंत्रणा तिला बोलावतच नाही."

दिट्टेने आपल्या मेथडवर 'इंजेक्ट' हा एक शब्द टाकला. तिकीट सरसर बाहेर आलं.

"केक तुझा," प्रेबेन खुशीत म्हणाला. "सफरचंदाचा. आई करायची तसा."

मग दोघंही उगाच तिकिटाकडे बघत राहिली. दिट्टेची आई इंगे वसंतात वारली, त्याला आता कित्येक महिने झाले होते. ती होती तोवर दर शुक्रवारी लेकीला फोन करायची, रविवारी जेवायला ये म्हणायची. आता तसा फोन कुणी करत नव्हतं. प्रेबेन मात्र दर रविवारी दोघांचे बटाटे उकडत होता आणि सोमवारी उरलेले खात होता.

"तू हल्ली रविवारी येत नाहीस," तो म्हणाला.

"तू बोलावलंस कधी? न बोलावता कुणाच्या दारात कसं जायचं?"

"अगं, त्यात बोलवायचं काय? रविवारचं जेवण ठरलेलंच आहे. आईने सांगून ठेवलंय."

दिट्टेने पडद्यावर आत्ताच टाकलेल्या 'इंजेक्ट' या शब्दावर फक्त बोट ठेवलं.

प्रेबेनने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"रविवारी जेवायला ये," तो म्हणाला. "केक मी करतो."