तोंडून निघेल ते

"आज काही नाही. बंद."

सुनेने टाइप केलं. पडद्यावर उमटलं:

आज काही नाही. बंद.

"अगं, ते लिहायचं नव्हतं!"

अगं, ते लिहायचं नव्हतं!

सासरे खुर्चीत ताठ बसले होते. दाढी केलेली, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं. दृष्टी गेल्यापासून ते रोज सकाळी असे तयार होऊन बसत, लिहायचा मजकूर सांगत. ती ऑफिसला निघण्याआधी टाइप करून घेई. एक पान. सुचो न सुचो. मागे एकदा खाडा झाला, तर दुसऱ्या दिवशी ते अंथरुणातून उठलेच नव्हते. तेव्हापासून तिचा नियम होता: खुर्चीत बसलात की तोंडून निघेल ते पानावर.

"छळवाद मांडलायस नुसता."

छळवाद मांडलायस नुसता.

"बस चुकेल तुझी."

बस चुकेल तुझी.

(खोकला)

"खोकला पण लिहिलास की काय?"

"लिहिला ना."

"कसा?"

"कसा म्हणजे? खोकला. कंसात."

"हात् तुझी!" ते खुर्चीत पुढे सरकले. "खोकला काय कंसात मावतो? रिकाम्या घरात कुणीतरी खुर्ची ओढावी, तसा होता तो. लिही. रिकाम्या... नको, थांब. रिकामं कुठलं? तू आहेस. शेजारच्या खोलीत कुणीतरी खुर्ची ओढावी, तसा."

शेजारच्या खोलीत कुणीतरी खुर्ची ओढावी, तसा.

"पुढे. घरातले सगळे कामाला गेले. एक बाई तेवढी राहिली. न्हाऊन तशीच येऊन बसली आहे, केस पुसायचीसुद्धा सवड नाही तिला."

तिची बोटं थांबली.

"बाबा, तुम्हाला कसं..."

"मघापासून टपटप ऐकतोय. फरशीवर." त्यांनी मान तिरकी केली. "आणि आता कीबोर्ड का वाजत नाही?"

तिने केसांचं पाणी हातानेच निपटलं.

"सर्दी झाली की मलाच बोल लावशील. जा, टॉवेल घेऊन ये. पुढचं वाक्य आलंय, मी धरून बसतो."

ती उठली. दारातून वळून पाहिलं, तर त्यांनी मांडीवर खरंच मूठ आवळून धरली होती.