हंड्याची वाटणी

"ही बरणी तू बंद केलीस," थोरली जाऊ म्हणाली. "बघ, मेण सुटून येतंय. गार मेणात बुडवलीस."

"गार झालं कुणामुळे? तुमचं व्याख्यान संपेपर्यंत लोणीसुद्धा दगड होईल," धाकटी म्हणाली.

थोरलीने ती बरणी बाजूला काढून ठेवली आणि दुसरीसाठी हात पुढे केला.

तळघराच्या पायऱ्यांवर तीन पुरुष उभे होते. पुढे दोघे भाऊ, म्हणजे या दोघींचे नवरे. त्यांच्या मागे घर विकत घ्यायला आलेला व्यापारी. घराशी त्याला काही देणंघेणं नव्हतं, हवं होतं ते हे तळघर. भर उन्हाळ्यातही इथे गारवा असे आणि त्याला औषधांचा साठा ठेवायचा होता. बदल्यात भावांना नव्या इमारतीत दोन फ्लॅट मिळणार होते, लिफ्टसकट. थोरल्या भावाचे गुडघे त्या लिफ्टच्या नुसत्या कल्पनेनेच निम्मे बरे झाले होते.

अडचण एकच होती. सासूबाईंनी जाण्याआधी घर चौघांच्याही नावावर केलं होतं, मुलांच्या आणि सुनांच्या. आणि सुनांमधून विस्तव जात नव्हता.

सही करायला तशी दोघींचीही ना नव्हती. थोरली म्हणायची, "मी आत्ता करते. फक्त सासूबाईंचा तांब्याचा हंडा मला द्या." धाकटी म्हणायची, "मी तर कालच केली असती. हंडा तेवढा माझा." हंडा एकच होता. त्यातून दोघी दरवर्षी आलुबुखाराची दारू गाळत, बरण्यांत भरत आणि तळघरात मुरत ठेवत. बाजारातले दुकानदार तिची वाट पाहत असत.

"फ्लॅटमध्ये हंडा चढवणार कुठे?" धाकट्या भावाने एकदा विचारलं होतं.

"चढवायचाय कुणाला?" त्याची बायको म्हणाली होती. "त्यांना मिळता कामा नये, बस."

आता व्यापारी मान वाकवून खाली बघत होता. धाकटी उकळत्या पाण्यातून काढलेली बरणी कोरडी करून पुढे सरकवी. थोरली नरसाळ्याने दारू ओती, गळ्याशी दोन बोटं जागा सोडी. धाकटी रबराची चकती बसवून झाकणाची तार खटकन दाबी. मग एकीने बरणी उलटी धरायची, दुसरीने मेणाचं पातेलं तिरपं करायचं. तळघरात विस्तव आणायचा नाही हा सासूबाईंचा दंडक, म्हणून मेण वर स्वयंपाकघरात वितळवून खाली आणलेलं होतं. दोघींची तोंडं तलवारीसारखी चालली होती. बरणी मात्र या हातातून त्या हातात जाताना एकदाही डगमगली नाही.

व्यापारी खाकरला. "वहिनी, एवढ्यावरून अडायचं कशाला? अगदी असाच दुसरा हंडा मी घडवून देतो. एक तुम्हाला, एक त्यांना."

धाकटीचा हात झाकणावर थांबला. भावांनी एकमेकांकडे पाहिलं. हे इतकं सोपं होतं तर आजवर कसं सुचलं नाही, असा भाव दोघांच्याही तोंडावर होता.

"चालेल," थोरली शांतपणे म्हणाली. "नवा तिला द्या. सासूबाईंचा माझ्याकडे राहील."

"का? मी काय उकिरड्यावर सापडले?"

"सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या, तेव्हा त्यांच्या बरण्या चोरून माहेरी कुणी धाडल्या? त्यांचा हंडा चोराच्या हातात देऊ?"

"वहिनी, हे जास्त होतंय," धाकटा भाऊ म्हणाला.

"चोराला चोर म्हणायचं नाही तर काय म्हणायचं, भाऊजी?"

धाकटीने बाजूला असलेली, मेण सुटलेली ती बरणी उचलली आणि थोरलीच्या पायांपासून हातभर अंतरावर आपटली. काचा पार पायरीपर्यंत उडाल्या. दारूचा भपकारा नाकात गेला. थोरली मटकन खोक्यावर बसली. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तिचे खांदे गदगदू लागले.

व्यापाऱ्याने बुटावरची काच झटकली. "साहेब, मला माफ करा," तो थोरल्या भावाला म्हणाला. "आज सह्या होतील, उद्या यातली एक कोर्टात जाईल. माझा माल रस्त्यावर येईल. मी दुसरीकडे बघतो."

"अहो, ऐका तरी," धाकटा भाऊ म्हणाला, पण व्यापारी वर पोहोचलाही होता.

धाकट्याने वळून बायकोकडे पाहिलं. "झालं समाधान?"

"मला काय विचारता? त्यांना विचारा."

"चल," थोरला भाऊ म्हणाला. गुडघ्यावर हात टेकत तो पायऱ्या चढू लागला. "यांच्यापेक्षा साप-मुंगूस परवडले. त्या व्यापाऱ्याला निदान चहा तरी पाजू. रविवारी घराला दुसरं गिऱ्हाईक येतंय, त्याला तरी आधीच काही बोलून ठेवू."

दोघे भाऊ गेले. वरचं दार आपटलं. पावलं अंगणातून रस्त्याला लागली.

धाकटीने केरसुणी घेतली आणि काचा गोळा केल्या. फरशी पुसली. मग ती थोरलीसमोर येऊन उभी राहिली. थोरलीने तोंडावरचे हात अजून काढले नव्हते आणि खांदेही थांबले नव्हते.

"गेले ते. आवरा आता हसणं, जाऊबाई," धाकटी म्हणाली. "आणि रविवारी चोर तुम्ही व्हायचं, रडायचं मी."